खुर्चीसकट वजन

४ फेब्रुवारी

रुग्णालयाने दुसऱ्या पत्राची पोचही दिली नाही. वजनमापे निरीक्षकाच्या नोकरीत असताना मी दुकानात शिरलो की ज्या मालकाला हटकून फोन यायचा, त्याच्याच काट्यात खोट निघायची. वरच्या कार्यालयाने मात्र दखल घेतली आहे. २६ तारखेला बोलावलं आहे. घरी घेतलेल्या वजनांची नोंद सोबत आणा, म्हणाले.

माझं म्हणणं साधं आहे. शेवटच्या आठवड्यात रुग्णालयाच्या कागदावर मुलाचं वजन सेहेचाळीस किलो आहे. त्याच आठवड्यात घरच्या काट्यावर ते बावन्न होतं. औषधाचा डोस वजनावर ठरतो. सहा किलोंचा फरक ही गंमत नव्हे. घरचा काटा मी स्वतः प्रमाणित वजनं ठेवून तपासला होता. त्यांच्या काट्यावर तपासणीचा शिक्का मला दिसला नाही. विचारलं तर तिथली परिचारिका म्हणाली, आजोबा, जरा बाजूला व्हा. मी काय समजायचं ते समजलो.

सूनबाईला तारीख सांगितली. ती शाळेच्या वह्या तपासत होती. "जायलाच हवं का, बाबा?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा वहीत बघू लागली. आपल्या नवऱ्याच्या बाबतीत कोणी हलगर्जी केली असेल तर बायकोने असं विचारावं, हे मला चमत्कारिक वाटलं.

७ फेब्रुवारी

मुलगा गेल्यानंतर त्याच्या टेबलाशी आज पहिल्यांदा बसलो. वजनांची नोंद काढायची होती. संगणक सुरू केला तर आधी ‘तराजू’ची पत्रं समोर आली, ती साठलीच आहेत.

‘तराजू’ हा त्याने लिहिलेला प्रोग्राम. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचा आकडा संगणकात घ्यायचा, एवढंच त्याचं काम. तो फुकट आहे आणि उघडा आहे, म्हणजे आतली ओळन् ओळ कोणीही वाचावी, बदल सुचवावा. तो बदल आत घ्यायचा की नाही हे तिघं चावीवाले ठरवतात. एक प्राध्यापक, एक गोदामात काम करणारा आणि तिसरा माझा मुलगा. दोघांना मी कधी पाहिलेलं नाही. प्रोग्रामसाठी काटे मीच तपासून द्यायचो, वापरायच्या सूचनाही मीच लिहिल्या, म्हणून आजारपणात त्याने आपली चावी माझ्या नावावर केली. मी म्हणालो होतो, मला यातलं काय कळतं? तो म्हणाला, तुम्हाला संशय घेता येतो, तेवढं पुरे.

सध्या वाद ‘मदतनीस’ नावाच्या कप्प्यावरून आहे. त्यात लोकांनी आपापल्या गरजेपुरत्या लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचे प्रोग्राम, आहेत. एक मधमाश्यांच्या पेट्या तोलायची. एक मांजराचं वजन घ्यायची, कारण मांजर काट्यावर स्थिर बसत नाही. प्राध्यापकांचं म्हणणं, घर छोटं आणि माळा भरून वाहतोय. चारच माणसांना लागणाऱ्या वस्तू मूळ प्रकल्पात नकोत, ज्याची त्याने आपल्या घरी ठेवावी. उद्या त्यात बिघाड झाला तर निस्तरणार कोण? गोदामवाला म्हणतो, जागा काय खाते ती, असू दे की. एक बाजूने, एक विरुद्ध. निर्णय माझ्या मतावर अडला आहे.

माझा कल प्राध्यापकांकडे आहे. न तपासलेली वस्तू म्हणजे खोटी वस्तू, असं धरूनच मी नोकरी केली.

१० फेब्रुवारी

वादाचा निकाल लागायच्या आत कोणीतरी नवीन मदतनीस स्क्रिप्ट पाठवली आहे. टोपणनाव ‘मुंगी’. याआधी या नावाने कधी काही आलेलं नाही. ज्यांना उभं राहता येत नाही अशांचं वजन चाकाच्या खुर्चीसकट घ्यायचं, त्यातून खुर्चीचा धडा वजा करायचा आणि माणसाचं वजन दाखवायचं. धडा म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन. इथे भांडं म्हणजे खुर्ची.

वाचून मला बरं वाटलं नाही. आमच्या घरी हेच चालायचं. काटा जमिनीवर, खुर्ची काट्यावर, खुर्चीत तो. त्यानेही स्वतःसाठी अशीच एक स्क्रिप्ट लिहिली होती, आणि आकडा त्याच्या खोलीच्या दाराजवळच्या छोट्या पडद्यावर यायचा. ती त्याने प्रकल्पात कधी घातली नाही. मग या मुंगीला ती कल्पना नेमकी आताच कशी सुचली? माझं पत्र वरच्या कार्यालयात पोचलं आणि पाठोपाठ ही आली.

११ फेब्रुवारी

मुंगीची स्क्रिप्ट ओळ ओळ वाचली. नमुना म्हणून खुर्चीचं वजन दिलं आहे, सतरा किलो तीनशे चाळीस ग्रॅम.

आमच्या खुर्चीचं वजन मी पहिल्याच दिवशी घेतलं होतं, गादी आणि मागची पिशवी धरून. सतरा किलो तीनशे चाळीस. चिठ्ठी लिहून खुर्चीच्या पाठीला चिकटवली होती. दोन खुर्च्यांचं वजन इतकं तंतोतंत जुळलेलं मी पाहिलेलं नाही, गादीसकट तर नाहीच.

हा आकडा आम्हा चौघांना माहीत होता. त्यातला तो गेला. मी कोणाला सांगितलेला नाही. सूनबाईला संगणकात परीक्षेचे गुण भरण्यापलीकडे काही येत नाही. त्याच्या उशाशी तासन् तास ती गुणच भरत बसलेली असायची. उरला तो व्यायाम करवून घ्यायला येणारा फिजिओ. त्याला रुग्णालयानेच पाठवलं होतं. आता धागा जुळतो. घरची पद्धत किती कच्ची आहे हे जगासमोर मांडायचं आणि २६ तारखेला तेच माझ्या तोंडावर फेकायचं.

१४ फेब्रुवारी

मुंगीला उघडपणे प्रश्न विचारले. हे सगळ्यांना वाचता येतं, म्हणून शब्द जपून वापरले. ही खुर्ची कोणाची? काटा कोणी तपासला? तुम्ही याने प्रत्यक्ष कोणाचं वजन घेतलं आहे का?

उत्तर दुपारी आलं, शाळा सुटायच्या सुमाराला. "एका माणसाचं घेत होते. आता आणखी तिघांच्या घरी वापरतात. काटा ज्यांनी तपासला त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

म्हणजे बाई आहे. आणि गोडबोली आहे. विश्वास आहे म्हणे. मी विश्वासावर कधी शिक्का मारला नाही. तसंच लिहिलं. शिवाय लिहिलं की दुसऱ्याच्या घरातून उचललेल्या आकड्यावर उभी केलेली वस्तू या प्रकल्पात येऊ देणार नाही.

प्राध्यापकांनी त्याखाली लिहिलं, भाषा थोडी सौम्य असावी. गोदामवाल्याने एक हसरा चेहरा टाकला, त्याचा अर्थ मला लागला नाही.

सूनबाई घरी आली ती थेट आपल्या खोलीत गेली. डोकं दुखतंय म्हणाली. चहा मीच केला. तिच्या कपात साखर घालताना चमचा काठाला पुसून सपाट केला. असं केलं की मुलगा हटकून म्हणायचा की बाबा साखरेलाही नोटीस बजावणार.

१६ फेब्रुवारी

संशय घ्यायचा नाही असं ठरवलं तरी कान बंद करता येत नाहीत. सूनबाई गॅलरीत फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी कपडे काढायला गेलो म्हणून ऐकू आलं. "नाही, त्यांना कळता कामा नये. एवढं झालं की मी सांगेन." मला पाहिल्यावर म्हणाली, शाळेतली मैत्रीण. कपड्यांचे चिमटे माझ्या हातातून घेतले आणि स्वतःच कपडे काढू लागली.

दुसरंही एक आहे. मी तिच्या खोलीवरून गेलो की संगणकाचं झाकण मिटल्याचा आवाज होतो.

म्हणजे आकडा घरातूनच फुटला. जाणूनबुजून नसेल. फिजिओ बोलघेवडा होता, गोड बोलून काढून घेतला असेल. पण तिने मला सांगायला हवं होतं. या घरात आता दोनच माणसं आहेत आणि त्यांतही आडपडदा.

१९ फेब्रुवारी

मदतनिसांच्या वादात मुंगीने आज आपलं म्हणणं लिहिलं. "किती जणांना लागतं हे सगळे विचारतात. ज्यांना लागतं त्यांना किती वेळा लागतं, हे कोणी विचारत नाही. ज्या घरात असा माणूस आहे तिथे हे रोज सकाळी लागतं. ती माणसं प्रोग्राम लिहिणारी नाहीत. दुसरीकडे कुठे ठेवलं तर त्यांना सापडणार नाही. आत घेताना माझं तोंड बघू नका, कोणाचं दुःख बघू नका. काट्यावर ठेवून बघा."

शेवटचं वाक्य मला पटलं आणि पटल्याचा राग आला. पण नियम तोच आहे आणि तो माझ्या मुलाने केला आहे. लिहिणारा सोडून दोन माणसांनी, दोन वेगळ्या खऱ्या काट्यांवर चालवून पाहिल्याशिवाय नाही म्हणायचं नाही आणि होही म्हणायचं नाही. मी न तपासताच नाही म्हणायला निघालो होतो.

गोदामवाल्याने लगेच आपली तपासणी केली. गोदामातला पेट्या तोलायचा काटा, कचेरीतली चाकांची खुर्ची आणि त्यावर त्याची मावशी. मावशी म्हणे तीन वेळा उतरली, कारण तिला आकडा मान्य नव्हता. स्क्रिप्ट बरोबर आहे, असा त्याचा अभिप्राय. आता दुसरा काटा माझा.

त्यासाठी खुर्ची लागणार. ती त्याच्या खोलीत दारामागे घडी करून ठेवली आहे. टेबलाशी बसतो तेव्हाही मी त्या बाजूला बघत नाही.

२० फेब्रुवारी

वजनांची नोंद काढली. शेवटचे तीन महिने आकडा बावन्नच्या आसपास टिकून आहे. ते दिवस आठवले. त्याची मनगटं बारीक झाल्यासारखी वाटायची, अंगठी दोऱ्याने बांधली होती. पण डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा? दाराजवळच्या पडद्यावर बावन्न दिसलं की माझा दिवस सुरू व्हायचा.

मुंगीने त्याची स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलली आहे हे सिद्ध करायचं, तर दोन्ही शेजारी शेजारी लावून बघायला हव्यात. त्याची मूळ प्रत संगणकात सापडली. वरवर पाहता बऱ्याच ओळी सारख्या आहेत. शेरे लिहायची ढबही त्याचीच. चोरी उघड आहे. रविवारी दोन्ही काट्यावर चालवतो, मग लिहितो काय लिहायचं ते.

२२ फेब्रुवारी, दुपार

क्रमाने लिहितो.

सकाळी काटा पुसला, प्रमाणित वजनं ठेवून तपासला. बरोबर आहे. खुर्ची बाहेर काढली. पाठीवर माझी चिठ्ठी अजून आहे. बसायला माणूस हवा होता म्हणून सूनबाईला हाक मारली. काय करायचंय ते सांगितलं नाही. ‘तराजू’चं थोडं काम आहे, एवढंच म्हणालो. ती काही न विचारता आली.

खुर्ची उतारावरून काट्यावर घेतली तर ब्रेक तिने लावला आणि ती बसली. कमरेचा पट्टा लोंबत होता, तो जमिनीला टेकू नये म्हणून मांडीवर घेतला. पाय खालच्या फळ्यांवर ठेवले. मी संगणकाकडे वळलो तेवढ्यात ती म्हणाली, "आता दहा सेकंद कोणी हलायचं नाही."

मुंगीच्या सूचनांत हे वाक्य जसंच्या तसं आहे.

मी मागे बघितलं नाही. मुंगीची स्क्रिप्ट चालवली. चोपन्न किलो दोनशे. तिला न्हाणीघरातल्या साध्या काट्यावर उभं केलं, चोपन्नच्या थोडं वर. बरोबर आहे.

मग म्हणालो, परत बस, दुसरी चालवायची आहे. ती बसली. मी त्याची मूळ प्रत चालवली. साठ किलो दोनशे.

पुन्हा चालवली. साठ दोनशे.

तिला उठवलं. रिकाम्या खुर्चीवर चालवली. शून्य यायला हवं. सहा किलो आले.

रिकाम्या खुर्चीत सहा किलो बसले आहेत, असं काटा म्हणत होता. मी काटा पुन्हा तपासला, वजनं ठेवली, काढली. काट्यात काही नाही. मग त्याच्या प्रतीतला खुर्चीचा धडा बघितला. अकरा किलो तीनशे चाळीस. चिठ्ठीवर सतरा. धडा कमी धरला की माणूस तेवढा जड दिसतो. ही दुकानदाराची सगळ्यात जुनी युक्ती आहे.

संगणक जुन्या प्रती ठेवतो, कोणती ओळ कधी बदलली ते दाखवतो. बघत गेलो. सतरा तीनशे चाळीस. मग सोळा आठशे. मग सोळा चारशे. दर सोमवारी थोडं थोडं खाली, मी बाजाराला जायचो त्या वेळी. बदल त्याच्याच नावावर आहेत.

सूनबाई खुर्चीच्या मुठी धरून उभी होती. म्हणाली, "बाबा, ते जुनं बंद करा."

मी म्हणालो, "धडा चुकीचा भरला गेलाय."

"हो."

"नवीन लिहायला घेतलंस तेव्हा तू तो सुधारलास."

"हो." मला वाटलं झालं. तेवढ्यात तिने सांगितलं, "तुम्ही रोज सकाळी दारात उभं राहून आधी आकडा बघायचा आणि मग त्याच्याकडे. आकडा उतरला की तुम्ही जेवायचा नाही. तो म्हणायचा, बाबा माझं ऐकणार नाहीत, काट्याचं ऐकतील."

मी विचारलं, हे सगळं तिला येतं कधीपासून. ती म्हणाली, त्याची बोटं चालेनाशी झाली तेव्हापासून. तो सांगायचा, ती लिहायची. मला वाटायचं गुण भरते.

"आणि दर सोमवारी?"

"शेवटी शेवटी मीच," ती म्हणाली. "तो सांगायचा."

तिने खुर्ची काट्यावरून उतरवली. घडी करून दारामागे ठेवायला नेली, मग थांबली आणि खिडकीशी उघडीच ठेवली.

२३ फेब्रुवारी

आज काही लिहायचं नव्हतं. चूक असेल तर ती कधी या बाजूला, कधी त्या बाजूला जाते. एकाच बाजूला जाते तिला आम्ही चूक म्हणत नव्हतो. हे मी नव्या निरीक्षकांना पहिल्या दिवशी शिकवायचो.

तरी इथे चूक असं लिहितो.

२५ फेब्रुवारी

कार्यालयाला फोन करून तक्रार मागे घेत असल्याचं कळवलं. पलीकडच्या बाईंनी कारण विचारलं. घरच्या मोजणीत चूक होती, म्हणालो. त्या म्हणाल्या, होतं असं, काळजी करू नका, फक्त लेखी द्या. लेखी दिलं. रुग्णालयालाही एक ओळ लिहिली की त्यांचा काटा बरोबर होता. त्या परिचारिकेला हे कोणी सांगेल असं वाटत नाही.

सूनबाई शाळेतून आल्यावर विचारलं, नाव लपवलंस कशाला? म्हणाली, सुनेचं आहे म्हणून तुम्ही सोडून दिलं असतं, नाहीतर मुलाचं आहे म्हणून डोळे मिटून घेतलं असतं. शिवाय मूळ प्रत तुम्ही उघडू नये असं वाटत होतं. मी म्हणालो, मग मला संशय येईल असं वागायचं नाही. त्यावर ती म्हणाली, "तुम्हाला संशय येणार नाही असं कसं वागायचं असतं, ते एकदा लिहून द्या." पुष्कळ दिवसांनी घरात कोणी हसलं. बहुतेक मीही.

फोनवरची मैत्रीण खरी निघाली. तिचा नवरा अशाच खुर्चीत आहे. तिला सूनबाई म्हणत होती की सासऱ्यांना कळू देऊ नकोस, मी सांगेन.

२७ फेब्रुवारी

माझं मत नोंदवलं. मदतनिसांचा कप्पा मूळ प्रकल्पातच राहावा. मात्र प्रत्येकासोबत त्याची जबाबदारी घेणाऱ्याचं नाव असावं आणि दोन काट्यांवरच्या तपासणीची तारीख असावी. तारीख जुनी झाली आणि कोणी पुन्हा तपासलं नाही, तर तो बाजूला काढावा. मांजराच्या स्क्रिप्टलाही हाच नियम. प्राध्यापकांनी लिहिलं, माळा आवरला तर माझी हरकत नाही. गोदामवाल्याने पुन्हा तोच हसरा चेहरा टाकला. त्याला मुंगी कोण हे पहिल्यापासून माहीत होतं असा मला दाट संशय आहे. विचारणार आहे.

मुंगीच्या स्क्रिप्टखाली लिहिलं, काट्यावर ठेवून पाहिली, बरोबर आहे. चौदा तारखेचे माझे शब्द मागे घेतो. त्याखाली चावीचा शिक्का दिला.

राहिली मूळ प्रत. माझ्या नोकरीत खोटं वजन सापडलं की जप्त करून दुकानदारासमोर फोडायचं असा नियम होता आणि तो मी कधी मोडला नाही. सूनबाईने विचारलं, ते जुनं पुसून टाकू का? मी राहू दे म्हणालो.

सकाळी ती शाळेत गेल्यावर दाराजवळचा आकड्याचा पडदा सुरू करून बघितला. खुर्ची खिडकीशी रिकामी होती, काट्यावर नव्हती. तरी थोडा वेळ दारात उभा राहिलो आणि या वेळी आधी खुर्चीकडे बघितलं.